पिलूचा पाला

दूध तोंडाला लावल्यावर आबा लगेच काही बोलत नसत. पहिला घोट तोंडात घोळवायचे, जीभ टाळूला लावायचे आणि डोळे मिटायचे. डोळे मिटले काय नि उघडे ठेवले काय, त्यांना सारखंच. उजेड आणि अंधार यापलीकडे त्यांना आता काही दिसत नव्हतं. पण मिटायचे खरे. मग वाटी खाली ठेवून सुनेला सांगायचे, "काल बाभळीच्या शेंगा खाल्ल्यात शेळीनं. वरच्या अंगाला गेली होतीस."

"हो, आबा."

"आणि येताना रुईचा वाळका पाला चघळलाय. कडसर लागतंय. तुझं लक्ष कुठं होतं?"

सुनेचं लक्ष कुठे होतं ते सासऱ्याला सांगण्यासारखं नव्हतं. ती तारेच्या कुंपणापलीकडे, पत्र्याच्या खोलीकडे बघत उभी होती. त्या खोलीत तिचा नवरा पहाऱ्याला होता. तेवढ्यात शेळ्या रुईत शिरल्या.

आबांची ही जीभ साऱ्या वस्तीला ठाऊक होती. काहींना ते थोतांड वाटायचं. शेजारी एक दोरवाली राहायची, रुईच्या वाखाचे दोर वळून विकणारी. तिनं एकदा मुद्दाम वाटीभर दूध आणून आबांपुढे ठेवलं आणि म्हणाली, सांगा बघू. आबांनी घोट घेतला. "यात दोन शेळ्या आहेत," ते म्हणाले. "एक तुझी. दुसरी हिंगणाखाली चरते, आणि हिंगणाखाली आमच्याशिवाय कुणाची शेळी जात नाही." दोरवाली वाटी उचलून जी गेली, ती पुन्हा परीक्षा घ्यायला आली नाही.

पण सगळ्या चवींत आबांना ओढ होती ती एकाच चवीची. दूध जिभेच्या शेंड्याला जरासं चुरचुरलं, मोहरीचा दाणा दाताखाली फुटावा तसं, की त्यांचा चेहरा सैल पडायचा. "आज पिलू," एवढंच म्हणायचे, आणि वाटी दोन्ही हातांत धरून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे. त्या दिवशी ते सुनेवर कशावरूनही चिडत नसत.

पिलूचं झाड वस्तीखालच्या खळग्यात होतं. वर चारी बाजूंना वाळू, खडे आणि ऊन. खळग्यात मात्र पाणी जमिनीखाली कुठेतरी धरून राहायचं, त्यामुळे पाऊस गेली तीन वर्षं नुसतं तोंड दाखवून गेला तरी तिथे हिरवं होतं. चाळीस शेळ्यांच्या अकरा झाल्या, त्या अकराही जगल्या होत्या त्या खळग्यावरच.

कंपनीची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा त्यांच्यातला एक जण कागदावर लिहीत होता. उन्हावर वीज करणाऱ्या काचा त्यांना तिथे ओळीनं मांडायच्या होत्या. इथं काय उगवतं, असं त्यानं विचारलं. कुणीतरी म्हणालं, काही नाही, काटेकुटे. त्यानं 'पडीक' असं लिहिलं. तेव्हा आबा काठी टेकत पुढे झाले.

"दात कशानं घासता तुम्ही?"

"ब्रशनं," तो म्हणाला.

"आम्ही पिलूच्या काडीनं. सत्तरी ओलांडली, मोजा किती आहेत ते." आबांनी तोंड उघडून दाखवलं. लोक हसले, आबा हसले नाहीत. "कपडे हिंगणाच्या फळानं धुतो, चांगला फेस येतो. त्याच्या बीचं तेल खरजेला. बाभळीचा डिंक बाळंतिणीला, शेंगा शेळीला, काटे कुंपणाला. पायात काटा मोडला तर रुईचा चीक लावायचा, सकाळी काटा आपण होऊन वर येतो. गुडघा धरला तर तिचंच पान गरम करून बांधायचं. शेळीचं पोट फुगलं तर कडू वृंदावन, पण बोटाच्या पेराएवढंच. जास्त दिलं तर शेळीच जाते. नेपतीच्या कळ्या मिठाच्या पाण्यात घालून ठेवल्या की वर्षभर तोंडी लावायला होतात. आणि ज्या वर्षी यातलं काहीच उरत नाही, त्या वर्षी पिलू. लिहा."

"आजोबा, यादीत फळझाडं आणि इमारती लाकूड एवढे दोनच रकाने आहेत," तो माणूस म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्यानं जरा विचार केला आणि समासात 'झुडूप, एक' असं लिहिलं.

"झुडूप!" आबा नंतर आठ दिवस म्हणत होते. "चाळीस शेळ्या सावलीत बसतात त्याला झुडूप म्हणतात? ह्या पोराची आई त्याच्याखाली बाळंत झाली. झुडपाखाली कुणी बाळंत होतं का?"

ते खरं होतं. म्हातारी, आबांची बायको, तेव्हा भरल्या दिवसांची पाला काढायला गेली होती, ती संध्याकाळी पुढे शेळ्या आणि कडेवरच्या फडक्यात मुलगा अशी परत आली. वाटेत तिनं पाल्याचा भाराही टाकला नव्हता. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण आबा अजून पिलूबद्दल बोलायचे तेव्हा आवाज म्हातारीबद्दल बोलतानाचा असायचा.

पाला काढायची या घरची एक रीत होती. सून नवी असताना आबांना थोडं दिसत होतं. त्यांनी तिच्या हातात कोयता देऊन तिला पिलूखाली उभं केलं आणि तिनं एक फांदी सपकन आडवी छाटली. आबांनी कपाळाला हात लावला. "आडवा घाव घालायचा नाही. आडव्या घावावर पाणी बसतं, दव बसतं, झाड आतून कुजतं. घाव तिरपा. वाहून गेलं पाहिजे. आणि बुंध्याला कधी हात घालायची वेळ आलीच तर गुडघ्याच्या खाली उतरायचं नाही. गुडघ्याएवढं ठेवलंस तर ते परत उठतं. त्याच्या खाली गेलीस तर तू त्याला मारलंस."

नवरा तेव्हा आकडीनं वरची फांदी खाली ओढून उभा होता. तो हसून म्हणाला, "आबा, तिचा गुडघा धरायचा की माझा? फरक आहे."

"तुझा," आबा म्हणाले. "ती अजून नवी आहे. तिच्यावर विसंबून झाड ठेवता येणार नाही."

ती आडवी छाटलेली फांदी खरंच दुसऱ्या वर्षी कुजली. नवरा तिला 'आडवी' म्हणून चिडवायचा. पाणी आण गं आडवे. आता तिला ते कुणी म्हणत नव्हतं, आणि तिला ते ऐकावंसं वाटायचं. शेळ्यांमागे चालताना कधीकधी ती स्वतःशीच तो शब्द बोलून बघायची.

नवऱ्यानं पहाऱ्याची नोकरी धरली त्या दिवशी घरात पहिल्यांदा आवाज चढले. त्याचं म्हणणं साधं होतं. कुंपण बसणारच आहे. अकरा शेळ्यांवर तीन माणसं जगत नाहीत. आत कुणीतरी बसणारच आहे, तर आपला माणूस बसलेला काय वाईट?

"कुंपणच शेत खातं म्हणतात," आबा म्हणाले, "ते मी ऐकून होतो. माझ्याच घरातून काठी घेऊन निघेल असं वाटलं नव्हतं."

"आबा, मी आत असलो तर पिलूला धक्का लागणार नाही."

"शब्द देतोस?"

"देतो."

"मग ऐक. ते पहाऱ्याचे कपडे अंगावर आहेत तोवर या घरचं पाणी तू प्यायचं नाहीस. कपडे उतरव, मग बघू. आणि त्या झाडाला काही झालं, तर कपडे उतरवूनही यायचं नाही. माझा मुलगा नव्हताच असं मी समजेन."

असं बोलल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी थोडं सैल करतो. आबांना ते जमत नसे. मुलालाही जमत नसे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? तो कपड्यांचं गाठोडं घेऊन खळग्यातल्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेला. आठ दिवसांनी एकदा त्याला सुट्टी असायची. दुपारी तो वस्तीवर यायचा, पण घरात नाही. शेळ्यांच्या वाड्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं, त्याच्या बाहेर उभा राहायचा. सून आतून यायची. दोघांच्या मध्ये कमरेएवढे काटे.

"कानतुटकी देते का दूध?" तो विचारायचा. कानतुटकी म्हणजे घरातली एकच दुभती शेळी.

"देते. तुम्ही जेवलात?"

"जेवलो. आबांचा गुडघा?"

"पान बांधते रोज."

एवढंच. तिला विचारायचं असायचं, झोप लागते का, एकट्यानं भिंतीकडे तोंड करून झोपता का, मला लागत नाही. पण घरात आबा असायचे आणि त्यांचे कान डोळ्यांचं काम करायचे. तो काट्यांवरून हात पुढे करायचा, ती त्याची बोटं धरायची, आणि दर वेळी त्याच्या मनगटावर ओरखडा उठायचा. जाताना तो घराच्या दाराकडे एकदा बघायचा. दारात पाण्याचा माठ होता. उन्हातून आलेला माणूस तहानेला तसाच परत जायचा आणि तिला दिवसभर घोटभर पाणी गोड लागायचं नाही.

तरी एक आधार होता. कुंपण घालणाऱ्यांनी तार पिलूच्या अगदी जवळून नेली होती, त्यामुळे त्याच्या अर्ध्या फांद्या बाहेर लोंबत होत्या. दोन दिवसांआड सून शेळ्या तिथे न्यायची. कानतुटकी मागच्या दोन पायांवर उभी राहून पाला ओरबाडायची, आणि दुसऱ्या सकाळी आबा म्हणायचे, "आज पिलू." मग कधीकधी, वाटी पुसता पुसता, "पोरानं शब्द पाळला म्हणायचं." दिवस जातील, आबा एक दिवस माठातलं पाणी त्याला देतील, असं तिला त्या चवीवरून वाटत होतं.

मग एका सकाळी ती शेळ्या घेऊन उतारावर आली आणि थांबली. खळग्यात जिथे हिरवं दिसायचं तिथे पलीकडचा डोंगर दिसत होता. तो डोंगर तिथून दिसतो हे तिला लग्नाच्या इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

तारेबाहेर फांद्यांचा ढीग पडला होता. पानं अजून टवटवीत होती. ढिगाशी दोरवाली वाकून काड्या मोडून घेत होती, दात घासायच्या. तिला पाहून ती सरळ झाली.

"काल संध्याकाळी," दोरवाली म्हणाली. "यंत्र आलं होतं उपटायला. पण..." ती थांबली. ही बाई थांबली म्हणजे पुढचं वाईट असणार, एवढं सगळ्यांना कळायचं.

"बोला की मावशी."

"यंत्र परत गेलं. तुझ्या नवऱ्यानं कुऱ्हाडीनं तोडलं. मी या डोळ्यांनी बघितलं गं. कंपनीचा मुकादम मागे उभा होता."

सुनेचे पाय वाळूत तसेच राहिले. शेळ्या ढिगावर तुटून पडल्या. त्यांना सोपं झालं होतं, पाय वर करायला नको होते.

"आबांना सांगू नका," ती म्हणाली.

"मी कशाला सांगू? झाकली मूठ. पण तुझ्या सासऱ्याला सांगावं लागतं का? दूध सांगेल की."

ते तिलाही कळलं होतं. तिनं आधी शेळ्या हाकलल्या. मग ढिगातल्या पानांच्या फांद्या वेगळ्या काढून त्यांचा भारा बांधला आणि डोक्यावर घेतला. दुपारपर्यंत तिनं तीन भारे आणले. चौथ्याला गेली तेव्हा मुकादमाच्या माणसांनी ढीग पेटवला होता. ओल्या पाल्याचा धूर डोळ्यांना झोंबत होता, आणि ती तिथे उभी राहून मोकळेपणानं रडली. धूर होता म्हणून बरं झालं, कुणी काही विचारलं नाही.

पाला तिनं वाड्यामागे सावलीत पसरला, उन्हात करपू दिला नाही. वाळल्यावर पोत्यात भरला. पोतं गळ्यापर्यंत भरलं. आबांनी विचारलं, कसला वास येतोय, तेव्हा ती म्हणाली, पिलूच्या काड्या आणल्यात दात घासायला. खोटं ती या घरात कधी बोलली नव्हती. पहिलंच खोटं इतकं सहज बाहेर पडलं याचं तिला वाईट वाटलं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती ओंजळभर पाला पाण्यात भिजवायची आणि कानतुटकीला बाजूला बांधून खायला घालायची. सकाळी धार काढून वाटी आबांपुढे ठेवायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. आबा घोट घ्यायचे. घोळवायचे. डोळे मिटायचे.

"आज पिलू," म्हणायचे.

तिचा श्वास सुटायचा. पण पोतं रोज थोडं खाली बसायचं. ती वरून हात दाबून बघायची. आधी कोपरापर्यंत, मग मनगटापर्यंत. पोतं संपलं की दूध गोड लागेल. दूध गोड लागलं की आबा विचारतील कुणी तोडलं, आणि मग त्या माठाचं पाणी नवऱ्याला जन्मात मिळणार नाही. तिनं ओंजळीची मूठ केली, मग मुठीची चिमूट. बाकीचा दिवस ती आकडी घेऊन वरच्या अंगाला शेंगा झोडत हिंडायची. हाताला काटे लागायचे, टाचा भेगाळल्या होत्या, आणि डोक्यात एकच हिशेब चालू असायचा, अजून किती दिवस.

नवरा दोन सुट्ट्यांना आलाच नाही. तिसऱ्या सुट्टीला आला तो काट्यांपासून चार पावलं लांब उभा राहिला.

"कळलं असेल तुला," तो म्हणाला.

"कळलं."

"आबांना?"

"नाही अजून."

तो काहीतरी सांगणार होता. तेवढ्यात घरातून आबांचा खोकला आला, आणि तो तोंडातलं तसंच गिळून निघून गेला. तिनं हाक मारली नाही. आपण का नाही मारली, म्हणून ती कितीतरी दिवस स्वतःवर चिडून होती.

पोतं एका संध्याकाळी संपलं. तळाला भुसा होता, तोही तिनं झटकून घेतला. त्यानंतरच्या दिवशी कानतुटकीनं नुसत्या शेंगा खाल्ल्या. सकाळी वाटी पुढे ठेवताना तिच्या हातातून थोडं दूध सांडलं.

आबांनी घोट घेतला. डोळे मिटले नाहीत. सगळं दूध प्यायले, वाटी उपडी घातली आणि म्हणाले, "माझी काठी दे. खळग्यात जाऊ."

"आबा, ऊन आहे."

"ऊन कधी नव्हतं?"

ती त्यांना खांद्याला धरून निघाली. उतारावर आबांचा गुडघा वाजत होता.

"ओला पाला जिभेच्या शेंड्याला लागतो," आबा मध्येच म्हणाले. "वाळलेला घशाला. भिजवला तरी घशालाच."

ती थबकली. "म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून..."

"चाल, थांबू नकोस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू पोतं भरून आणलं होतंस. म्हटलं, पोरीचं पोतं संपू दे." थोडं चालल्यावर ते म्हणाले, "आणि मलाही ते संपायला नको होतं."

तिला वाटलं, आत्ताच सगळं सांगून टाकावं. पण कुणी तोडलं हे तिच्या तोंडून निघेना. आबांनीही विचारलं नाही.

फाटकाशी तिचा नवरा उभा होता. टोपी, शिट्टी, काठी. शेजारी खुर्चीवर मुकादम बसला होता. मागच्या महिन्यात एका पहारेकऱ्यानं चुलत्याच्या शेळ्या आत सोडल्या म्हणून त्याला त्याच दिवशी काढून टाकलं होतं, आणि वस्तीत ज्याचं कुणी असेल त्याला फाटकावर ठेवायचं नाही असं मुकादम सगळ्यांना बजावून बसला होता. नवऱ्यानं बापाला येताना पाहिलं. त्याचा हात टोपीकडे गेला आणि परत खाली आला.

"कोण आहे हा म्हातारा?" मुकादमानं विचारलं.

"वस्तीवरचे आहेत," नवरा म्हणाला.

आबा तारेपर्यंत आले. काठीनं तार चाचपली.

"आजोबा," मुलगा म्हणाला. "आत जाता येत नाही."

सुनेनं खाली बघितलं. आबांनी मान हलवली.

"बरं, साहेब. आत नाही येत. एक विचारू का?"

"विचारा."

"इथं पिलूचं झाड होतं. कुणी तोडलं?"

मुकादम खुर्चीतून म्हणाला, "ते झुडूप? यानंच तोडलं. यंत्र उपटायला आलं होतं, तर हा म्हणाला, डिझेल कशाला जाळता, मी कुऱ्हाडीनं काढतो. कामाला चांगला आहे."

"यंत्रानं मुळासकट जातं," आबा म्हणाले. "साहेब, तुम्ही बुंधा किती ठेवलात?"

"गुडघ्याएवढा." मुलाचा तळहात आपोआप त्याच्या गुडघ्यापाशी गेला, लहान मुलाची उंची दाखवावी तसा. बापाला ते दिसणार नाही हे त्याच्या ध्यानात आलं नाही. सुनेला दिसलं.

"कुणाच्या गुडघ्याएवढा?"

"माझ्या."

"घाव आडवा घातलात की तिरपा?"

"तिरपा." पुढचं तो एकेक शब्द मोजून बोलला. "वर पाणी बसू नये म्हणून."

आबांनी तार सोडली. त्यांचे दोन्ही हात काठीवर आले.

"मग ज्यानं तोडलं तो माणूस घरचा आहे," ते म्हणाले.

"काय म्हणतोय हा?" मुकादमानं विचारलं.

"काही नाही," आबा म्हणाले. "आम्ही शेळ्यावाले, आम्हाला झाडांचंच सुचतं. साहेब, तुम्हाला आठ दिवसांनी सुट्टी असते म्हणे. आमच्या घरावरून जाता. ऊन फार असतं. पाणी प्यायला येत जा."

मुलानं फाटकाची कडी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढून घातली. मुकादम म्हणाला, अरे, लागलीय ती.

परतताना चढावर आबा दोनदा बसले. सून रडत होती आणि त्यांना ते ऐकू येत होतं. "रडू नकोस, पाणी लागेल पुढं," ते म्हणाले. "माठ नीट घासून ठेव. आणि त्याला सांग, कपडे असू देत अंगावर. कपड्यांनी काय होतं."

सुट्टीच्या दिवशी तो दुपारी आला. सवयीनं काट्यांपाशी थांबला. आबा दारात बसले होते. त्यांनी स्वतः माठात तांब्या बुडवला, निम्मं पाणी उंबऱ्यावर सांडलं आणि तांब्या उजेडाच्या दिशेनं पुढे धरला. तो काट्यांना वळसा घालून आला, तांब्या घेतला आणि उभ्यानंच प्यायला. सून चुलीपाशी पाठ करून उभी होती. ती नुसता त्याच्या घशाचा आवाज ऐकत होती. इतक्या महिन्यांत तिनं यापेक्षा चांगलं काही ऐकलं नव्हतं.

"अजून दे गं आडवे," तो म्हणाला.

तिनं तांब्या भरून दिला. दुसरा तांब्या संपल्यावर त्यानं खिशातून रुमाल काढला. त्यात पिलूचा एक कोंब होता, चार बोटं लांब, चार-सहा पानं.

"फुटलंय, आबा. बुंध्याला चारी बाजूंनी. मी भोवती तारांची वेटोळी रचून ठेवलीत, कुणाला दिसत नाही. एकच खुडला, बाकीचे राखलेत."

आबांनी कोंब तळहातावर घेतला. एकेक पान अंगठ्यानं चाचपलं. नाकाशी नेला. मुलाला वाटलं, ते तोंडात टाकतील. त्यांनी तो सुनेकडे धरला.

"कानतुटकीला घाल."

"एवढासा? आबा, एवढ्यानं दुधात काय लागणार?"

"घाल तर खरं," आबा म्हणाले. "उद्या सकाळी बघू."